बर्फावरचा खेळ आणि पाण्याची पाळी

प्रस्तावना

तापीच्या दक्षिणेस, मुंबई–आग्रा महामार्ग आणि सुरत–भुसावळ लोहमार्ग जेथे एकमेकांस भेटतात, त्या नरडाणा गावी वैशाखातल्या दुपारी पारा ४२ अंशांच्या वर गेलेला असताना, बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीविषयीचे आणि त्या खेळाच्या अनुषंगाने पर्यावरण-संरक्षणाविषयीचे ललितेतर लेखन एकत्र करून वाचकांपुढे ठेवण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीही विचारील. आणि तो प्रश्न रास्त असल्यामुळे त्याचे उत्तर देणे हे प्रस्तावनाकाराचे पहिले कर्तव्य ठरते.

खानदेशाला बर्फाचा परिचय नाही असे नव्हे. परंतु तो परिचय बहुधा दुःखाचा आहे. आमच्याकडे बर्फ आकाशातून पडतो तो गारांच्या रूपाने, आणि २०१४ च्या फेब्रुवारी–मार्च महिन्यांत काढणीस आलेला गहू आणि हरभरा ज्या गारपिटीने भुईसपाट केला, तिची स्मृती पंचनाम्याच्या कागदांबरोबर अनेक घरांत जपलेली आहे. सातपुड्याच्या माथ्यावर डाबसारख्या पाड्यांत कडाक्याच्या थंडीतल्या एखाद्या पहाटे गवतावरचे दव गोठते, त्याची बातमी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येते, आणि ऊन वर येईपर्यंत ते नवल संपूनही जाते. याखेरीज जो बर्फ आम्हांस ठाऊक आहे तो कारखान्यातल्या लादीचा. अशा प्रांतातल्या वाचकाला आइस हॉकीचे नियम, तिचे विक्रम आणि तिचे नामांकित खेळाडू यांविषयी मुळातच जिज्ञासा असावी, अशी माझी अपेक्षा नाही. माझे म्हणणे निराळे आहे. हा खेळ ज्या पृष्ठभागावर खेळला जातो तो पृष्ठभाग म्हणजे पाणी. आणि निसर्गाच्या थंडीवर हा खेळ जेथे जेथे वाढला तेथे तेथे ते पाणी बहुधा कोणाच्या तरी वाट्याचे, कोणीतरी अडवलेले आणि कोणीतरी राखलेले असे होते. म्हणून या खेळाचा इतिहास नीट वाचला तर तो पाण्याच्या वहिवाटीचा आणि हवामानाच्या स्थित्यंतराचा दस्तऐवज ठरतो. आणि पाण्याची वहिवाट कशाला म्हणतात हे ज्या मोजक्या प्रांतांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांत खानदेशाची गणना करावीच लागते.

पांझरा नदी आमच्याच शिंदखेडा तालुक्यात मुडावद येथे तापीस मिळते. तिच्या वरच्या अंगास, साक्री आणि धुळे या भागांत, कित्येक शतकांपूर्वी दगडी बंधारे घालून, त्यांतून पाट काढून, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडून, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावे आणि पाण्याची पाळी ठरलेल्या क्रमानेच फिरावी, अशी जी व्यवस्था शेतकऱ्यांनी स्वतः निर्माण केली आणि स्वतःच चालवली, तिला फडपद्धती हे नाव आहे. पाटकऱ्याने पाणी सोडावे, हवालदाराने देखरेख ठेवावी, जागल्याने रात्री पाटाची राखण करावी आणि तंटा उद्भवला तर पंचांनी तो जागच्या जागी मिटवावा, असा तो दस्तूर होता. कचेरीची पायरी न चढता पाण्यासारख्या भांडणाच्या वस्तूचे इतके न्याय्य वाटप दीर्घकाळ चालू राहिले, ही गोष्ट मला खानदेशाच्या इतिहासातील कोणत्याही लढाईपेक्षा अधिक अभिमानास्पद वाटते.

आता लडाखकडे पाहावे. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असून तेथील वार्षिक पर्जन्य जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे ज्या शिंदखेडा तालुक्याला आपण अवर्षणप्रवण म्हणतो त्याच्याही मानाने लडाख निर्जल म्हटला पाहिजे. तेथील सारी शेती हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्यावर चालते. ते पाणी डोंगरउतारावरून पाटाने गावात येते, झिंग नावाच्या तळ्यात रात्रभर साठते आणि दिवसा पाळीपाळीने जवाच्या शेतांना दिले जाते. आणि ही पाळी ज्याने राखावयाची त्या गावकामगाराला छुरपोन म्हणतात. आमचा पाटकरी आणि लडाखचा छुरपोन यांची कधी भेट झाली असण्याचा संभव नाही, तरी दोघांचे काम, दोघांचा अधिकार आणि दोघांवर येणारे भांडणाचे प्रसंग यांत अक्षरशः एकरूपता आहे. हिवाळ्यात शेती थांबते, तळी गोठतात, आणि जे पाणी उन्हाळ्यात शेताचे असते ते दोन महिने मुलांचे होते. लडाखमधली आइस हॉकी या गोठलेल्या तळ्यांवर वाढली. लेहचे कारझू तळे हे तिचे सर्वांत प्रसिद्ध क्रीडांगण. सैन्याच्या छावण्यांनी या खेळाला आश्रय दिला, लडाख स्काउट्स आणि भारत-तिबेट सीमा पोलीस यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत अग्रभागी राहिले, आणि गावची मुले, स्केट विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे, लष्करी बुटांच्या तळांना लोखंडी पट्ट्या ठोकून त्यांच्याबरोबर खेळू लागली. तळ्याचा पृष्ठभाग खेळण्याजोगा करण्यासाठी रात्रीच्या थंडीत त्यावर पाण्याचा पातळ हात फिरवावा लागतो, तो गोठला की दुसरा, त्यावर तिसरा, आपल्याकडे अंगण सारवावे त्याप्रमाणे. आणि हे काम बहुतेक ठिकाणी खेळाडूंनीच करावयाचे असते.

या खेळातील स्त्रियांचा वृत्तांत या संग्रहातील अत्यंत हृद्य भागांपैकी एक आहे. भारताचा महिला संघ २०१६ साली तैपे येथे प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या खेड्यांतल्या होत्या. तळ्यावर मुलग्यांच्या संघांना आधी जागा मिळे आणि मुलींनी उरलेल्या वेळेवर भागवावे, असा रिवाज असल्याचे या खेळाडूंनीच सांगितले आहे. म्हणजे पाण्याची पाळी जिथे इतक्या कसोशीने पाळली जाते तिथे बर्फाची पाळी मात्र निम्म्या गावाला नाकारली गेली होती. पुढल्या वर्षी, २०१७ साली, लोकवर्गणीतून प्रवासखर्च उभा करून हा संघ बँकॉकला गेला आणि फिलिपाइन्सवर ४–३ असा आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवून परतला. आणि २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे भरलेल्या आशिया चषक स्पर्धेत त्याने कांस्यपदक जिंकले. शीत वाळवंटात वाढलेल्या मुलींनी उष्ण वाळवंटात, यंत्राने गोठवलेल्या बर्फावर हे पदक मिळवावे, यात आजच्या जगाची सारी गुंतागुंत साठवलेली आहे. गोठलेल्या तळ्याचा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, तोही दिवसेंदिवस बेभरवशाचा. आणि यंत्राच्या बर्फाला ऋतूच नाही. ज्यांना बारमाही बर्फ मिळतो त्यांच्याशी दोन महिन्यांच्या बर्फावर शिकलेल्यांनी सामना द्यावयाचा असतो.

हिमालयातील उष्णतावाढीचा परिणाम क्रीडांगणापुरता असता तर त्यासाठी ग्रंथ रचण्याचे कारण नव्हते. लडाखच्या शेतकऱ्याची खरी अडचण अशी की पेरणीला पाणी लागते एप्रिल–मे महिन्यांत, आणि उंचावरच्या हिमनद्या वितळू लागतात जूनमध्ये. मधल्या दिवसांत बियाणे मातीत घालून वाट पाहावी लागते. जसजशा खालच्या हिमनद्या मागे हटत गेल्या तसतशी ही वाट लांबत गेली. चेवांग नोर्फेल या सरकारी स्थापत्य-अभियंत्याने यावर जो उपाय शोधला त्याचे मर्म आमच्या बंधाऱ्याहून वेगळे नाही. हिवाळ्यात जे पाणी ओढ्यातून व्यर्थ वाहून जाते ते डोंगराच्या सावलीच्या अंगास वळवावे, लहान लहान दगडी भिंतींमागे त्याचा वेग मोडावा, म्हणजे ते थराथराने गोठते. आणि गावाजवळच्या, कमी उंचीवरच्या भिंतींमागील बर्फ आधी वितळून नेमके पेरणीच्या वेळी पाणी देतो. नोर्फेल यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कल्पनेला सोनम वांगचुक यांनी निराळे रूप दिले. उंचावरून नळाने आणलेले पाणी स्वतःच्या दाबाने कारंज्यासारखे उडवून थंड रात्री शंकूच्या आकारात गोठवले, तर त्या आकाराच्या बर्फाला उन्हाचा स्पर्श कमी क्षेत्रावर होतो आणि तो उशिरापर्यंत टिकतो. २०१३–१४ च्या हिवाळ्यात याचा पहिला प्रयोग झाला, त्याला बर्फाचा स्तूप म्हणतात, आणि २०१६ साली या कामाबद्दल त्यांना रोलेक्स पुरस्कार देण्यात आला. या दोघांच्या कामाचे वर्णन वाचताना शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद व खोल करून पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याचा जो उद्योग केला त्याची आठवण नरडाण्याच्या वाचकाला झाल्यावाचून राहणार नाही. कारण शिरपूर आणि नरडाणा यांमध्ये केवळ तापीचे पात्र आहे. शिरपूरच्या पद्धतीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि प्रत्येक भूस्तराला ती लागू पडेल असे मीही म्हणणार नाही. तथापि पाणी ज्या ऋतूत विपुल असते त्या ऋतूत ते थोपवून ज्या ऋतूत नसते त्या ऋतूच्या हवाली करणे, हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे. आम्ही ते जमिनीच्या पोटात ठेवतो आणि लडाखी माणूस ते बर्फाच्या पोटात ठेवतो, एवढाच काय तो भेद.

तिथल्या संकटाला दुसरी बाजूही आहे. ६ ऑगस्ट २०१० च्या पहाटे लेहवर ढगफुटी झाली, आणि ज्या प्रदेशात घरे मातीची आणि छपरे सपाट, कारण पाऊस गृहीतच धरलेला नाही, तिथे चिखलाच्या लोंढ्यांनी दोनशेहून अधिक माणसे गिळली. पाणी न मिळणे आणि पाणी एकदम कोसळणे ही एकाच बिघाडाची दोन रूपे आहेत, हे त्या रात्रीने दाखवून दिले.

हिमालयाच्या दुसऱ्या अंगास, सिमल्यात, ब्लेसिंग्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने टेनिसच्या मैदानावर पाणी गोठवून १९२० साली जे रिंगण सुरू केले ते शंभर वर्षांवर टिकून आहे. मात्र स्वच्छ आकाश आणि कडक थंडी यांचा योग जुळेल त्या दिवशीच तेथे खेळ होतो, आणि असे दिवस पूर्वीच्या मानाने घटले आहेत.

महाराष्ट्राचा नैसर्गिक बर्फाशी व्यापारी संबंध मात्र पुष्कळ जुना आहे, आणि तो या संग्रहाच्या विषयाला अगदी अनपेक्षित वाटेने येऊन मिळतो. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी मॅसेच्युसेट्समधील तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापून, लाकडाच्या भुशात बांधून, जहाजाने उष्ण देशांत पाठवीत असे. १८३३ साली त्याचे ‘टस्कनी’ जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातील शंभरएक टन कलकत्त्यास सुखरूप उतरला. थोड्याच अवधीत मुंबईसही हा माल येऊ लागला, त्यासाठी बर्फखाना बांधला गेला, आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले गेले याची दखल त्या काळच्या वृत्तपत्रांनी घेतली. १८४६–४७ च्या हिवाळ्यात ज्या वॉल्डन तळ्यावर हेन्री थोरो या निसर्गचिंतकाने बर्फ कापणारे मजूर काम करताना पाहिले, ते याच व्यापाराचे मजूर होते. न्यू इंग्लंडच्या तळ्यांचा बर्फ हा असा एकाच काळी तिथल्या मुलांचे क्रीडांगण, तिथल्या व्यापाऱ्याचा माल आणि मुंबईच्या श्रीमंतांची चैन होता. वाफेवर चालणारे बर्फाचे कारखाने आले आणि हा व्यापार बुडाला. थंडी ही ऋतूची देणगी न राहता यंत्राचे उत्पादन बनली. या स्थित्यंतराचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही असे मला वाटते.

खेळाचे आजचे स्वरूप कॅनडात घडले. ३ मार्च १८७५ रोजी मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकवर, जेम्स क्रायटन याच्या पुढाकाराने, प्रत्येकी ९ गड्यांच्या दोन संघांत जो सामना झाला तो छपराखाली झालेला पहिला संघटित सामना मानला जातो. आज एका बाजूस ६ खेळाडू असतात, २०-२० मिनिटांचे तीन भाग असतात, आणि चेंडूच्या जागी कडक रबराची, ३ इंच व्यासाची व १ इंच जाडीची चकती असते, तिला पक म्हणतात. नियमांचे एवढे ज्ञान पुढील लेखांसाठी पुरे आहे.

कॅनडाचा जो भाग वाचकाने विशेष लक्षपूर्वक वाचावा तो परसातल्या बर्फाचा. तिथे हिवाळा पडला की घरोघरी अंगणात आणि मोहल्ल्याच्या मोकळ्या जागेत पाणी साठवून रिंगण करतात, आणि त्या देशाचे बहुतेक नामांकित खेळाडू अशाच रिंगणांवर तयार झालेले आहेत. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०१२ साली एक निबंध प्रसिद्ध केला, त्याची युक्ती साधी आणि म्हणूनच प्रशंसनीय आहे. लागोपाठ तीन दिवस कमाल तापमान उणे ५ अंशांच्या वर गेले नाही की बर्फाचा हंगाम सुरू झाला असे त्यांनी मानले, आणि १९५१ ते २००५ या काळातील हवामानकेंद्रांच्या नोंदी या कसोटीवर तपासल्या. तेव्हा देशाच्या अनेक भागांत हंगाम आखूड होत चालला आहे, असा निष्कर्ष निघाला. पुढल्याच वर्षी विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातील भूगोलाच्या अध्यापकांनी ‘रिंकवॉच’ हा उपक्रम काढला आणि ज्यांच्या अंगणात बर्फ होतो अशा सामान्य कुटुंबांना, आज स्केटिंग करता आले की नाही, एवढीच नोंद रोज पाठवावी अशी विनंती केली. हवामानशास्त्राचे अवजड ग्रंथ ज्या बापाने कधी उघडले नसतील तो, मुलाला आज खेळता आले नाही, एवढे लिहून शास्त्राला साहाय्य करू लागला. आणि २०२२–२३ च्या हिवाळ्यात ओटावा शहरातील रिडो कालव्याचा ७.८ किलोमीटरचा बर्फमार्ग, जो १९७०–७१ पासून दर हिवाळ्यात लोकांसाठी खुला होत आला होता, तो एक दिवसही उघडता आला नाही. तापमानाचे आलेख पाहून ज्याचे मन हलले नव्हते त्या शहराला हे बंद फाटक पुरेसे बोलके ठरले.

मला या वृत्तांतात आमच्या लोकांसाठी एक स्पष्ट कार्यक्रम दिसतो. आपल्याकडे पिकाची आणेवारी सरकार ठरवते, पावसाची नोंद मंडळ-पातळीवर होते, आणि गावाला मात्र स्वतःच्या विहिरींची पातळी, ओढ्याचे पाणी बंद झाल्याची तारीख, पहिली गार पडल्याचा दिवस, केळीच्या पानांवर थंडीचा पिवळेपणा दिसल्याचा आठवडा, यांचे स्वतःचे दप्तर नसते. ते असावे. साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली शेकडो हेक्टर उजाड रान राखून पुन्हा उभे केले, आणि २०२५ साली पवार यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या यशाच्या मुळाशी हेच होते की गावाने नियम स्वतः केले, पाळत स्वतः ठेवली आणि आपल्या रानात काय उगवते याची मोजदाद स्वतः केली. कॅनडातल्या अंगणाची वही आणि बारीपाड्याची राखण या दोन्हींत एकच शहाणपण आहे, आणि ते शिकवायला बाहेरून कोणी यावे लागत नाही.

आता यंत्राचा भाग. याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण क्रीडाविषयक लेखनात तो सहसा वगळला जातो. जॉन गॅम्जी नावाचा इंग्रज पशुवैद्य दूरच्या वसाहतींतून मांस न नासता कसे आणता येईल याचा विचार करीत असताना गोठवण्याच्या कृतीपर्यंत पोहोचला आणि त्याच ज्ञानाच्या बळावर १८७६ साली त्याने लंडनच्या चेल्सी भागात यंत्राने गोठवलेले पहिले स्केटिंगचे रिंगण उघडले. म्हणजे अन्न टिकवण्याची विद्या आणि खेळाचा बर्फ करण्याची विद्या यांचा उगम एक आहे. रावेर-यावलच्या केळीला निर्यातीपूर्वी सुमारे १३ अंशांवर थंड करणारी शीतगृहे, नरडाण्याच्या रस्त्याने धावणारे शीतवाहक ट्रक, जुना बर्फाचा कारखाना आणि टोरांटोचे हॉकीचे प्रेक्षागार ही सर्व एकाच विज्ञानाची अपत्ये आहेत. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचे जाळे पुरलेले असते, त्यांतून अतिशीत खारे पाणी खेळवतात, त्या खाऱ्या पाण्याची उष्णता अमोनियासारखा वायू शोषून घेतो, आणि यंत्र ती उष्णता इमारतीबाहेर टाकते. बर्फ म्हणून जो दिसतो तो अवघा इंचभर किंवा त्याहून थोडा अधिक जाड असतो. थंडी निर्माण होत नसते. उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी नेली जाते आणि त्या वाहतुकीला ऊर्जेचे मोल द्यावे लागते. ती ऊर्जा कोळशाची असेल तर आतला बर्फ राखण्यासाठी बाहेरचा बर्फ वितळवण्यास हातभार लागतो. ज्या गावाच्या तळ्यावर आता बर्फ धरत नाही ते गाव यंत्र बसवते, आणि अशी यंत्रे पुरेशी झाली की पुढच्या गावच्या तळ्यावरही बर्फ धरेनासा होतो, हा या विषयातील खरा पेच आहे.

या पेचाला रसायनांचाही इतिहास आहे. अमोनिया विषारी, २०१७ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश कोलंबियातील फर्नी गावच्या रिंकमध्ये गळतीने तीन कामगार मृत्युमुखी पडले. विषारी नाहीत म्हणून जे क्लोरिन-फ्लोरिनयुक्त वायू एके काळी सर्वत्र स्वीकारले गेले ते ओझोनच्या थराचा नाश करतात असे सिद्ध झाले आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे, म्हणजे छपराखालचा पहिला सामना झाला त्याच शहरात, त्यांच्या नियंत्रणाचा करार झाला. १९९२ साली भारत त्यात सामील झाला. त्यांच्या जागी आलेले वायू ओझोनला निरुपद्रवी, पण पृथ्वीची उष्णता कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो ते हजारो पट वाढवणारे निघाले, म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये किगाली येथे करारात दुरुस्ती करावी लागली आणि भारताने ती २०२१ साली मान्य केली. जळगावच्या शीतगृहचालकाला आपल्या यंत्रात कोणता वायू भरावा याविषयी जे नियम उद्या लागू होतील त्यांचा आणि हॉकीच्या रिंकचा संबंध इतका निकटचा आहे. बर्फ गुळगुळीत करणारे वाहन, जे फ्रँक झॅम्बोनी याने १९४९ साली कॅलिफोर्नियात तयार केले, तेही दीर्घकाळ इंधनावर चालत असल्यामुळे बंद प्रेक्षागारात त्याच्या धुराने खेळाडू आजारी पडत. आता विजेवरची वाहने आली आहेत.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, जेथे हिवाळा सौम्य असतो, लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक या बंधूंनी १९११ साली व्हिक्टोरिया आणि व्हँकुव्हर येथे त्या देशातील पहिली यंत्रशीतित रिंगणे बांधली. त्यांचे भांडवल वडिलांच्या लाकूड-व्यापारातून आले होते. जंगल तोडून मिळालेल्या पैशावर ऋतूबाहेरचा बर्फ उभा राहिला, ही नोंद इतिहासकार सहज करून पुढे जातात. पर्यावरणाच्या दृष्टीने वाचणाऱ्याने तिथे थांबावे. हॉकीच्या काठ्यांसाठी पूर्वी ज्या अ‍ॅश वृक्षाचे लाकूड वापरीत त्या वृक्षांचा २००२ साली मिशिगनमध्ये प्रथम आढळलेल्या एका परकीय किड्याने संहार चालवला आहे, आणि आजच्या काठ्या कार्बन-तंतूंच्या असून मोडल्यावर मातीत मिसळत नाहीत.

खेळाडूंपैकी ज्यांनी या प्रश्नाला तोंड दिले त्यांत अँड्र्यू फेरेन्स याचे नाव आदराने घ्यावे लागते. विमानाने खंडभर फिरणाऱ्या आपल्या व्यवसायामुळे किती कार्बन वातावरणात जातो, या विचाराने अस्वस्थ होऊन त्याने २००७ साली डेव्हिड सुझुकी प्रतिष्ठानच्या साहाय्याने शेकडो सहकाऱ्यांना त्याची भरपाई स्वखर्चाने करण्यास प्रवृत्त केले. भरपाई विकत घेतल्याने धूर परत येत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण त्यापूर्वी त्या व्यवसायातल्या लोकांनी असा हिशेब मांडलाच नव्हता, आणि हिशेब मांडल्याशिवाय देणे कळत नाही. नॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक संस्थेने २०१० साली पर्यावरणविषयक कार्यक्रम हाती घेतला. २०२१ साली सिॲटलमध्ये उघडलेल्या प्रेक्षागारात छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून त्याचाच बर्फ करतात. कल्पना सुंदर आहे. मात्र पाण्याच्या त्या थोड्या बचतीपेक्षा १९६२ सालचे जुने छप्पर न पाडता त्याखालीच नवी इमारत उभारली, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते, कारण नव्या बांधकामाच्या सिमेंट-पोलादाने होणारी हानी तिने काही अंशी तरी टाळली.

वाचनाच्या क्रमाविषयी थोडे सांगणे राहिले. लडाखचे लेख आरंभी घ्यावेत, कारण त्यांतले पाणी आपल्या ओळखीचे आहे. ज्यांची केळी शीतगृहात जाते त्यांनी यंत्राविषयीचे लेख वगळू नयेत. लेहमध्ये २०२४ साली खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा भरल्या, तेव्हापासून तिथल्या मुलांना ऋतूवर अवलंबून नसलेला बर्फ मिळावा की नाही, हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे, आणि त्याविषयी या संग्रहातील लेखकांचे एकमत नाही. माझे मत मी येथे नोंदवून ठेवतो: तो बर्फ त्यांना मिळावा, कारण दोन महिन्यांच्या हंगामावर त्यांची गुणवत्ता तोलणे अन्यायाचे आहे, परंतु त्यासाठीची वीज लडाखच्या विपुल सूर्यप्रकाशातूनच यावी, यंत्राने बाहेर टाकलेली उष्णता वसतिगृहे आणि दवाखाने यांच्या उपयोगी पडावी, त्यासाठी लागणारे पाणी गावाच्या झिंगमधून छुरपोनच्या संमतीवाचून उचलले जाऊ नये, आणि रिंगणावरच्या वेळेची पाळी मुलग्यांना व मुलींना सारखीच बांधून द्यावी.